परत येण्याचा कागद

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या तीस वर्षांनंतरच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी फोन करून सांगितलं, की तू कॅनडात स्थायिक झालीस, तर ‘परदेशातील माझी वाटचाल’ या विषयावर दहा-पंधरा मिनिटं बोल. मी हो म्हटलं आणि नंतर घाबरले. वाटचाल म्हणजे काय सांगायचं? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सकाळी कॉम्प्युटरसमोर बसते, संध्याकाळी उठते. पुण्यात हिंजवडीला हेच करायचे, तिकडेही हेच करते. फरक एवढाच, की तिकडे खिडकीबाहेर वर्षातले चार-पाच महिने बर्फ असतो.

म्हणून वाटचाल बाजूला ठेवून मी एका फाइलबद्दल बोलणार आहे. ती मी सोबत आणली आहे. ही बघा. निळी, प्लॅस्टिकची, कोपरे फाटलेली. पहिल्या रांगेतल्यांना दिसेल, वर माझ्या वडिलांच्या अक्षरात माझं नाव आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुलं आता शिकायला बाहेर निघाली आहेत, काही पोचली आहेत, काहींचं ‘पीआर’चं चाललं आहे. सकाळी नाश्त्याला बसलो तेव्हा चार जणींनी तोच विषय काढला. तर माझ्या हातून झालेली एक चूक तुम्हाला सांगते. ती तुमच्या मुलांकडून होऊ नये एवढाच हेतू.

या फाइलमधला पहिला कागद आपल्या शाळेचा आहे. शाळा सोडल्याचा दाखला. आमच्या वेळी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच चालायचा. आपल्या वर्गात १ जूनला जन्मलेले किती जण होते, हात वर करा बरं. बघा! इतकी मुलं एकाच दिवशी जन्माला आली नव्हती, हे आता सांगायला हरकत नाही. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली, की गुरुजी १ जून टाकायचे आणि सहा वर्षं पूर्ण करून द्यायचे. माझी तारीख मात्र खरी आहे. कारण माझे वडील वाईच्या तहसील कचेरीत कारकून होते, आणि त्यांनी जन्मनोंदीचा उतारा आणून कार्यालयात ठेवल्याशिवाय मला पहिलीत बसवलं नाही. आई सांगायची, की त्या उताऱ्यासाठी माझी शाळा आठ दिवस उशिरा सुरू झाली.

वडिलांचं कागदावर प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना कागदाची भीती होती. एका चुकीच्या काना-मात्रेपायी माणसं वर्षानुवर्षं खेपा घालतात, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. आम्हा भावंडांना ते एकच सांगायचे, ‘आधी वाच, मग सही कर.’ वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रावर सही करतानाही हेच सांगायचे.

आता कॅनडाकडे येते.

अर्ज आम्ही पुण्यातून केला. मुख्य अर्जदार मी, सोबत नवरा आणि मुलगी. अर्जासाठी काय काय लागतं याची यादी मी वाचणार नाही, जेवणाची वेळ होईल. एकच सांगते. माझ्या शाळेच्या आणि कॉलेजच्या कागदांवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. आपल्याकडे कुणालाही यात वावगं वाटत नाही. पण परक्या देशातल्या अधिकाऱ्याला त्या दोन वेगळ्या बाया वाटतात. त्या दोघींना जोडणारा एकच कागद, विवाह नोंदणीचा दाखला. आमचं लग्न झालं तेव्हा तो काढायला वडिलांनीच नवऱ्याला आठवड्याभरात नगरपालिकेत नेलं होतं. नवरा अजून म्हणतो, की हनिमूनच्या आधी रजिस्टरवर सही झाली.

मग मेडिकल झालं, पोलिसांचा दाखला झाला, आणि २०१३ च्या नोव्हेंबरात आमचे तीन पासपोर्ट परत आले. आत प्रत्येकाच्या एका पानावर इमिग्रंट व्हिसाचा स्टिकर आणि सोबत प्रत्येकी एक जाडसर कागद. त्याचं नाव ‘कन्फर्मेशन ऑफ पर्मनंट रेसिडेन्स’. लोक त्याला सीओपीआर म्हणतात. आम्ही पेढे वाटले.

हा कागद नावावरून वाटतो तसा नाही, हे आज मला कळतं. हातात आला म्हणजे तुम्ही कायमचे रहिवासी झालात, असं नसतं. कॅनडाच्या सीमेवर अधिकाऱ्यासमोर उभं राहून, त्याच्या प्रश्नांना उत्तरं देऊन, तुमची सही आणि त्याची सही झाली की त्या क्षणापासून तुम्ही पीआर. त्याला लँडिंग म्हणतात. त्या कागदावर शेवटची तारीख असते. ती बहुतेक वेळा मेडिकलच्या तारखेपासून एक वर्षाची असते, किंवा पासपोर्ट आधी संपत असेल तर त्याची. ती तारीख वाढवून मिळत नाही. घर विकलं जात नाही, मुलीची वार्षिक परीक्षा आहे, सासूबाईंचं ऑपरेशन आहे, यातलं काही चालत नाही. आणि कुटुंबातल्या इतरांना मुख्य अर्जदाराच्या आधी जाता येत नाही. एक तर सोबत, नाही तर त्याच्या नंतर. आमची तारीख २०१४ च्या फेब्रुवारीत संपत होती. जानेवारीत आम्ही निघालो.

ज्यांची मुलं निघणार आहेत त्यांनी हे लिहून घ्या. पासपोर्ट आणि सीओपीआर हातातल्या बॅगेत ठेवायचे, चेक-इनच्या बॅगेत नाही. पैसे किती आहेत याचा बँकेचा कागद हाताशी. दहा हजार कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम जवळ असेल, तर उतरल्यावर ते सांगायचं. जास्त नेणं गुन्हा नाही, त्यावर कर नाही, पण लपवलं तर पैसे जप्त होऊ शकतात. आणि सामानाच्या दोन याद्या. एक सोबत आणलेल्या सामानाची, दुसरी नंतर येणाऱ्या सामानाची. दुसरी यादी पहिल्याच दिवशी द्यावी लागते. पुढे आईने कपाटातलं सोनं पाठवलं, किंवा तुम्हीच पुढच्या फेरीत नेलं, आणि यादीत नाव नसलं, तर त्यावर कर भरायची वेळ येते. मी आपल्या गणपती आळीतल्या सराफांकडून एकेका दागिन्याचं वजन आणि किंमत लिहून घेतली होती, फोटो काढले होते. सराफ म्हणाले, ‘ताई, एवढा पंचनामा तर चोरी झाल्यावरसुद्धा करत नाहीत.’

टोराँटोच्या विमानतळावर उतरलो. त्या वर्षीची थंडी तिकडच्या लोकांच्याही लक्षात राहिलेली आहे. इमिग्रेशनच्या खोलीत दीड तास रांग. मुलगी पाच वर्षांची, चोवीस तासांच्या प्रवासाने पार कंटाळलेली. आमचा नंबर आला आणि तिला बाथरूमला जायचं झालं. नवरा तिला घेऊन गेला, परत आला, मग ती रडायला लागली. अधिकारी बाई चांगल्या होत्या. कुठे राहणार तो पत्ता विचारला, सह्या घेतल्या, हसून ‘वेलकम टू कॅनडा’ म्हणाल्या आणि कागदांच्या गठ्ठ्यात एक माहितीपत्रक घालून दिलं. देताना त्या पीआर कार्डाबद्दल काहीतरी बोलल्या. मी मान हलवली. माझं लक्ष मुलीकडे होतं. एवढं ऐकू आलं, की कार्ड पोस्टाने घरी येईल, काही आठवडे लागतील.

ते पत्रक मी या फाइलमध्ये ठेवलं. वाचलं नाही.

स्कारबरोमध्ये एका पंजाबी कुटुंबाच्या घराखाली, बेसमेंटमध्ये, दोन खोल्या घेतल्या. नवऱ्याला एका गोदामात रात्रपाळीचं काम मिळालं. तो इथे बँकेत अधिकारी होता. मुलगी शाळेत जायला लागली. मी दिवसभर अर्ज करत होते, आणि फेब्रुवारीच्या शेवटी एका कंपनीत मुलाखतीची पहिली फेरी पार पडली.

त्याच आठवड्यात पहाटे भावाचा फोन आला. दादांना अर्धांगवायूचा झटका आला होता. आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. उजवी बाजू गेली होती, साताऱ्याला अ‍ॅडमिट केलं होतं. भाऊ म्हणाला, ‘ताई, येता आलं तर ये.’ असं तो कधी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या विमानाचं तिकीट काढलं. त्या गडबडीत नवऱ्याने एकदा विचारलं, ‘कार्ड अजून आलेलं नाही, चालेल ना?’ मी खात्रीने म्हटलं, चालेल. माझी खात्री कुठून आली होती ते सांगते. माझी मावसबहीण अमेरिकेत आहे. तिला ग्रीन कार्ड मिळालं तेव्हा ती प्रत्यक्ष कार्ड येण्याआधीच लग्नासाठी भारतात येऊन गेली होती. अमेरिकेत पहिल्या प्रवेशाच्या वेळी इमिग्रंट व्हिसावर जो शिक्का मारतात, तो एक वर्षभर ग्रीन कार्डाच्या जागी चालतो. ते खरंच आहे. पण ते अमेरिकेचं आहे. कॅनडाचा इमिग्रंट व्हिसा पहिल्या प्रवेशाबरोबर संपतो. शेजारच्या देशाचा नियम मी माझ्या देशाला लावला. इंजिनिअर बाई मी, प्रत्येक सिस्टीमचं मॅन्युअल वेगळं असतं हे रोज ज्युनिअर मुलांना सांगते.

तीन आठवडे इथे राहिले. दादा वाचले. बोलणं जड झालं होतं, उजवा हात उठत नव्हता, पण माणसं ओळखत होते. त्यांना घरी आणलं, फिजिओथेरपीची व्यवस्था लावली, आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी परत निघाले. मुंबईचं नवं टी-टू टर्मिनल महिन्याभरापूर्वीच सुरू झालं होतं. भिंतीभिंतीवर चित्रं, मूर्ती. भावाने बाहेर सोडलं. मी ऐटीत काउंटरवर गेले.

मुलीने पासपोर्ट चाळला आणि विचारलं, ‘मॅडम, पीआर कार्ड?’

मी सीओपीआर दिला. व्हिसाचं पान उघडून दाखवलं. तिने सुपरवायझरला बोलावलं. त्याने सगळं शांतपणे पाहिलं. मी म्हटलं, ‘मी कॅनडाची पर्मनंट रेसिडेंट आहे. हे बघा, सही आहे, तारीख आहे.’

तो म्हणाला, ‘असाल मॅडम. आहातच. पण हा व्हिसा वापरून झालाय, आणि हा कागद बोर्डिंगला चालत नाही.’

मी आवाज चढवला. माझी मुलगी तिकडे आहे म्हणून सांगितलं. तो नम्रपणे तेच सांगत राहिला. तेव्हा मला त्याचा फार राग आला. आज येत नाही. योग्य कागद नसलेल्या माणसाला नेलं, तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्या माणसाला परत आणण्याचा खर्चही तिच्या माथी बसतो. त्याच्यासमोर प्रश्न माझ्या हक्काचा नव्हताच. माझ्या हातात काय आहे, एवढंच तो बघत होता.

रात्रीचा एक वाजला होता. टोराँटोत दुपारचे साडेतीन. एका खांबाजवळ ट्रॉली लावून मी घरी फोन केला. मुलगी नुकतीच शाळेतून आली होती, तिनेच उचलला. ‘आई, विमानात बसलीस?’ मी म्हटलं, ‘नाही गं, उशीर आहे.’ ‘किती उशीर?’ मला उत्तर माहीत नव्हतं. ट्रॉलीवर आईने दिलेला गोडा मसाला होता, त्याचा वास येत होता. एवढंच मला त्या रात्रीचं स्पष्ट आठवतं.

भाऊ पनवेलच्या पुढे गेला होता, तो परत फिरला. सकाळी आम्ही वाईला पोचलो. दादा अंथरुणावर जागे होते. मला बघून त्यांनी डाव्या हातानेच विचारलं, काय झालं? मी रडत रडत सांगितलं. त्यांनी हाताने खूण केली, फाइल दे.

मी त्यांच्या छातीवर फाइल ठेवली. डाव्या हाताने ते एकेक कागद उलटत गेले. इंग्रजी त्यांचं कचेरीपुरतं होतं, पण सरकारी कागदात कुठे बघायचं हे त्यांना कळायचं. ते पत्रक त्यांनी बाहेर काढलं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्यात लिहिलेलं होतं, की कॅनडाबाहेरून विमानाने परत येताना पीआर कार्ड दाखवावं लागेल, आणि कार्ड नसेल तर बाहेरूनच ‘पर्मनंट रेसिडेंट ट्रॅव्हल डॉक्युमेंट’ काढावं लागेल. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, आधी वाच. ते म्हणाले नाहीत. कष्टाने, एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, ‘फेरफार... झालाय. उतारा... हातात नाही.’

शेतकरी घरातल्यांना हे लगेच कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते. जमीन तुमच्या नावावर झाली, फेरफार मंजूर झाला, म्हणजे हक्काची नोंद तुमच्या नावाने झाली. पण बँकेत कर्जाला गेलात तर साहेब म्हणतो, सातबारा दाखवा. उतारा हातात नाही म्हणून जमीन दुसऱ्याची होत नाही. पण उतारा मिळेपर्यंत तुम्हाला काही करताही येत नाही.

माझी स्थिती अगदी हीच होती. मी पीआर होते, यात शंका नव्हती. ओटावाच्या कॉम्प्युटरमध्ये तशी नोंद होती. कॅनडाच्या जमिनीवरच्या सीमेवर जाऊन उभी राहिले असते आणि अधिकाऱ्याची खात्री पटली असती, की मी पीआर आहे, तर त्याला मला आत घ्यावंच लागलं असतं. कायदाच तसा आहे. कुणीतरी सुचवलंही, की अमेरिकेत बफेलोला उतर आणि नवऱ्याला गाडी घेऊन बोलाव. खाजगी गाडीतून सीमा ओलांडताना विमान कंपनीचा काउंटर मध्ये येत नाही. उपाय बरोबर होता, पण अमेरिकेत उतरायला अमेरिकेचा व्हिसा लागतो. तो माझ्याकडे नव्हता, आणि आमच्याकडे गाडीही नव्हती.

मग ट्रॅव्हल डॉक्युमेंटचा अर्ज. फॉर्म, फोटो, पासपोर्टच्या आणि सीओपीआरच्या प्रती, पन्नास डॉलर फी. पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहण्याची अट असते, त्यासाठी आतापर्यंत किती दिवस राहिलात हे लिहायचं. मी चाळीसच्या आसपास काहीतरी लिहिलं. नव्या माणसाला पुढे भरपूर वेळ असतो, त्यामुळे त्यात अडचण नव्हती. मुंबईच्या अर्ज केंद्रात पासपोर्ट दिला आणि वाट बघत बसले.

एकोणीस दिवस लागले.

नवऱ्याला रात्रपाळी सोडावी लागली, कारण रात्री मुलीजवळ कुणी नव्हतं. तोपर्यंत वरच्या मजल्यावरच्या आंटींनी तीन आठवडे तिला रात्री आपल्याकडे झोपवलं होतं. पण त्यांनाही त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाला जायचं होतं. मुलाखतीच्या दुसऱ्या फेरीची तारीख मी एकदा पुढे ढकलून घेतली, दुसऱ्यांदा त्यांनी दुसरा माणूस घेतला. मला नोकरी मिळाली ती जुलैमध्ये. आणि मुलगी दहाव्या दिवसापासून फोनवर यायची बंद झाली. नवरा म्हणायचा, खेळतेय. मला पाठीमागे टीव्ही ऐकू यायचा.

लोक मला म्हणतात, बरंच झालं की, तेवढे दिवस वडिलांजवळ राहायला मिळाले. मिळाले, हे खरं. त्या एकोणीस दिवसांत मी दादांना पेपर वाचून दाखवला, घाटापर्यंत व्हीलचेअरवरून नेलं, त्यांच्या डाव्या हाताला सही शिकवली. पेन्शनच्या कागदांसाठी ती लागणार होती. आता तेच विद्यार्थी आणि मीच मास्तर. पण ‘बरंच झालं’ असं मी म्हणत नाही. एका बाजूला दादा होते आणि दुसऱ्या बाजूला फोनवर न येणारी माझी मुलगी होती. ते दिवस मी स्वतः निवडून दादांना दिले असते तर गोष्ट वेगळी होती. ते माझ्या निष्काळजीपणातून आले होते, आणि त्याची किंमत एका पाच वर्षांच्या मुलीने भरली.

पासपोर्ट परत आला. आत एका पानावर नवा स्टिकर होता, एकदाच आत जाण्यापुरता. त्याच टर्मिनलवर, बहुधा त्याच काउंटरवर, दोन मिनिटांत बोर्डिंग पास मिळाला. टोराँटोला पोचले आणि तिसऱ्या दिवशी पोस्टाच्या डब्यात पाकीट आलं. पीआर कार्ड. ड्रायव्हिंग लायसन्सएवढं. मी ते हातात घेऊन बेसमेंटच्या पायरीवर बसून राहिले. मुलगी शेजारी येऊन बसली. तिने विचारलं, ‘हे असलं की तू अडकत नाहीस?’ मी हो म्हटलं.

तिच्या त्या प्रश्नात मला ते कार्ड कळलं. इतके दिवस मी समजत होते, की कार्ड हे कॅनडात राहण्यासाठी आहे. तिथे राहायला ते फारसं लागत नाही. ते लागतं कॅनडाबाहेर पडलेल्या माणसाला, परत जाताना. म्हणजे आपल्यासारख्यांना ते इकडे येण्यासाठी लागतं. परत जाता येईल याची खात्री असेल, तरच माणूस पहाटेच्या फोनवर उठून लगेच निघू शकतो. लँडिंगपासून कार्ड येईपर्यंतचे जे आठवडे असतात, त्यात तुम्हाला कुणी कोंडलेलं नसतं. दार उघडंच असतं, पण बाहेरून परत उघडायची किल्ली अजून तुमच्याजवळ नसते.

आता मुलांसाठी चार गोष्टी. ज्यांची मुलं आता जाणार आहेत त्यांच्यासाठी.

पहिली, लँडिंगनंतर कार्ड हातात येईपर्यंत शक्यतो कॅनडा सोडू नका. निघण्याचं तिकीट काढताना परतीचं काढताय का, याचा आधी विचार करा. ज्यांना फक्त लँडिंग करून लगेच परत यायचं आहे, त्यांनी तिथे विश्वासाचा पत्ता द्यावा. सरकार कार्ड परदेशातल्या पत्त्यावर पाठवत नाही. आणि पत्ता १८० दिवसांच्या आत द्यावा, नाही तर कार्डासाठी वेगळा अर्ज आणि फी.

दुसरी, तिथे शिकत किंवा नोकरी करत असतानाच ज्यांचं पीआर होतं, त्यांच्यासाठी. ही मुलं आता जास्त आहेत. त्यांना सीमेवर जावं लागत नाही, सगळं ऑनलाइन होतं, सीओपीआरसुद्धा कॉम्प्युटरवर येतो. आनंदात ती आई-बाबांना भेटायला निघतात. पासपोर्टवर जुना व्हिसा असतो, त्याची मुदतही शिल्लक असते. पण तो व्हिसा पाहुण्याचा होता. पीआर झालं, की तुम्ही पाहुणे राहत नाही, आणि त्या व्हिसावर परत जाता येत नाही. कार्ड येऊ द्या, मग पुरणपोळी खायला या.

तिसरी, कार्डाची मुदत पाच वर्षांची असते. कार्ड संपलं म्हणून पीआर संपत नाही, जसा सातबारा हरवला म्हणून जमीन जात नाही. पण संपलेलं कार्ड घेऊन इकडे आलात, तर माझ्यासारखेच अडकाल. तिकीट काढण्याआधी कार्डावरची तारीख बघा.

चौथी गोष्ट माझी नाही, दादांची आहे. ती तुम्हाला माहीत आहे.

दादा २०१५ च्या ऑगस्टमध्ये गेले. भावाचा फोन तसाच पहाटे आला. त्या दिवशी मी विमानतळावर जाताना पर्समध्ये एकदा हात घालून कार्ड चाचपलं आणि पुन्हा त्याचा विचार केला नाही. तेरा दिवस राहिले. आईजवळ बसले, भावाबरोबर दादांची कपाटं आवरली. परत जायची काळजी मनात नव्हती म्हणून मनात फक्त दादा होते. कपाटात ही निळी फाइल मिळाली. मी टोराँटोला जाताना नवी घेतली होती, ही जुनी त्यांच्याकडे राहिली होती. आत माझ्या सगळ्या कागदांच्या झेरॉक्स होत्या. सगळ्यात वर शाळेचा हा दाखला. आणि सगळ्यात खाली त्या माहितीपत्रकाची प्रत, भावाकडून काढून घेतलेली. त्या ओळीखाली डाव्या हाताने मारलेली वाकडीतिकडी पेन्सिलची रेघ.

माझ्याजवळ अजून भारताचा पासपोर्ट आहे. कार्ड दोनदा बदलून झालं, आताचं तिसरं आहे. मुलगी सोळा वर्षांची झाली. प्रवासाला निघताना घरातले सगळे कागद तीच तपासते. या वेळी निघताना तिने माझं कार्ड मागून घेतलं, तारीख वाचली आणि मगच परत दिलं.

कार्यालयातल्या काकांना इथे बघून फार आनंद झाला. काका, तुम्ही लिहिलेला हा दाखला अर्ध्या जगाने तपासला, त्यात कुणाला चूक सापडली नाही.

जेवणानंतर मी या चिंचेखाली बसणार आहे. ज्यांच्या मुलांचे कागद मोबाइलवर असतील त्यांनी घेऊन या, मिळून वाचू. परवा पहाटे माझं विमान आहे, तोपर्यंत मी इथेच आहे.